बुजवलेली ढोली

२८ मार्च

पोचलो एकदाचे सोक्कोलला. बसमध्ये बाबा तीन तास खोकत होते, पण गावाच्या तोंडाशी नुटीचं झाड दिसलं आणि खोकायचंही विसरले. सव्वापाचशे वर्षांचं झाड. बुंधा कवेत घ्यायचा तर सात माणसं लागतील. खाली लाकडी पार, त्यावर गावच्या बायका लसूण सोलत बसलेल्या. दोन महिन्यांत मला या झाडावर उपचार करायचेत. बाबा चिडवतात, झाडांची डॉक्टर झालीस, पण बापाच्या फुप्फुसांवर तुझ्याकडे औषध नाही. शहरातल्या डॉक्टरांकडेही नाही, म्हणून तर त्यांना या हवेत घेऊन आलेय. आईमागे मला हा एकच माणूस उरलाय आणि मी त्यांना इतक्यात जाऊ देणार नाही.

शेजारच्या ओक-बुन आजी त्वेंजांगची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, आमटी घेऊन आल्या. मी एकोणचाळिशीची आणि बिनलग्नाची हे कळल्यावर आमटी परत नेते म्हणाल्या. मला इथे आवडणार.

२ एप्रिल

झाड तपासलं. टिपणं झाडापाशी बसूनच लिहायची माझी जुनी सवय. उत्तरेला ढोली आहे, माणूस वाकून आत शिरेल एवढी. आत सगळं कुजलंय. असंच पाणी साठत राहिलं तर एखाद्या वादळात बुंधा उभा चिरेल. कुजकं खरवडायचं, औषध मारायचं, मग पिवळा फेस भरायचा. तो तासाभरात टणक होतो. वरून खोटी साल चिकटवली की झालं. असल्या शंभरेक ढोल्या मी बुजवल्या असतील.

आजी म्हणाल्या, बाकी काय हवं ते कर बाई, ढोलीला हात लावू नकोस. आमच्या गावातला माणूस मेला की तिथूनच पुढे जातो, म्हणून तर तिरडी तिथे टेकवतात. मी विचारलं, झाडच आडवं झालं तर कुठून जाल आजी? त्यावर त्या फणकाऱ्याने निघून गेल्या. गावप्रमुख हसले. म्हातारीचं काय मनावर घेतेस, म्हणाले, खुशाल बुजव.

९ एप्रिल

काम फत्ते. बाबांना म्हटलं, ढोली कुठे होती ते शोधून दाखवा. दहा मिनिटं बुंधा चाचपत होते, सापडली नाही. कौतुक केलं नाहीच, पण दोन वाट्या भात खाल्ला. आज मी स्वतःवर जाम खूश आहे.

१४ एप्रिल

ओक-बुन आजी गेल्या. लसणाच्या वाफ्यात, बसल्या बसल्या. ब्याऐंशी वर्षं, सोन्यासारखं मरण, असं सगळे म्हणतात. रिवाजाप्रमाणे तिरडी नुटीपाशी टेकवली. तिथून उचलताना ती हलकी होते म्हणे. आज आठ जणांना उचलता उचलेना. खांदेकऱ्यांची नजर बुजवलेल्या ढोलीकडे गेली, मग माझ्याकडे.

१७ एप्रिल

सकाळी आजी पारावर लसूण सोलत होत्या. जेवलात का, असं विचारून मी पुढेही गेले, आणि मग गर्रकन मागे वळले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेल्यावरही गेली नव्हती. सगळ्या गावाने पाहिलं. सुनेने रडत रडत भाताची वाटी पुढे ठेवली. आजी तिला शिवल्यासुद्धा नाहीत. वाट कुठे गेली, एवढंच विचारत राहिल्या.

१९ एप्रिल

आता दोघं आहेत. गावप्रमुखांचा भाऊ परवा गेला, आज आजींशेजारी बसलाय. दोघांची तोंडं बुंध्याकडे. गावप्रमुख टोपी हातात घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, पोरी, मीच हो म्हटलं होतं, तुझा दोष नाही, पण उघड ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सकाळी उघडते, मी म्हणाले. अर्ध्या तासाचं काम, एक पटाशी पुरे.

२० एप्रिल

बाबा गेले. न्याहारी करताना, चमचा हातात असताना.

पटाशी पिशवीतून काढली नाही.

२२ एप्रिल

बाबांना पुरून आलो. तिरडी नुटीपाशी टेकवा असं कोणी म्हटलंच नाही. घरी येते तो बाबा ओसरीवर बसलेले. खोकला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला लिहू.

गावप्रमुख दोनदा येऊन गेले. फेस दगडासारखा झालाय, शहरातून यंत्र मागवावं लागेल, असं मी सांगितलं. हे मात्र खोटं होतं.

२४ एप्रिल

आजींची सून उंबऱ्यात येऊन बसली. म्हणाली, माझी सासू दिवसभर ती साल ओरबाडते, बोटांना नखं उरली नाहीत. तुला तुझा बाप हवा, म्हणून तिने का भोगायचं? मी दार लावून घेतलं.

बाबाही आता झाडाकडे जातात. मी हाताला धरून परत आणते. फार जड झालेत.

२५ एप्रिल

बाबा बोलत नाहीत. छातीला कान लावला — काही नाही. बोटांनी ठोकून पाहिलं, बुंधे ठोकून पाहते तशी. भरीव. गच्च. खोकला नाही तो म्हणूनच —

२६ एप्रिल

त्यांचं तोंड उघडून पाहिलं. पिवळा फेस. घशापासून दातांपर्यंत. खरवडायला गेले तर डोळ्यांतून पाणी — दुखतंय त्यांना. सगळं कळतंय —

मी केलं हे. मी ठेवून घेतलं.

पटाशी घेतली. बाबांना घेऊन निघतेय.

२६ एप्रिल, दुपार

उघडली. आजी वाकून आत गेल्या, मागे वळूनही पाहिलं नाही. मग गावप्रमुखांचा भाऊ. बाबांचा घसा मोकळा झाला. माझं नाव घेतलं.

ते आत आहेत. मी ढोलीच्या तोंडाशी बसलेय, डावा हात त्यांच्या हातात, वही मांडीवर. म्हटलं, एवढं लिहून होईपर्यंत थांबा बाबा. मग जा.

गावप्रमुख रस्त्यावरून ओरडतायत. सोड पोरी, हात सोड —

सोडलाय. मी केव्हाच सोडलाय. बाबाच —