चढापाशी सगळे उतरतात

१६ जानेवारी

गाडी बर्फाखाली गेली आहे आणि घरात भांडायला दुसरे कोणी नाही, म्हणून लिहिते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई गेल्या आठवड्यात म्हणाल्या, "दिवसा काही अडचण नाही. अंधारात गाडी चालवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा." दिवसा! नॉर्वेच्या उत्तर टोकाला, त्रोम्सोत, जानेवारीत! नोव्हेंबरपासून इथे सूर्य उगवलेला नाही. हे मी सुन्निवाला सांगितले ही चूक झाली. तेव्हापासून लेकीचा एकच धोशा — "आई, गाडीच्या किल्ल्या दे." देणार नाही. औषधांचे दुकान माझे, ते मीच उघडणार आणि तिथवर माझ्याच गाडीने जाणार.

पण दोन दिवस वादळ झाले. बर्फ सारणाऱ्या यंत्राने रस्त्यावरचा सगळा ढीग आमच्या गाड्यांवर लोटला. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत नुसते पांढरे उंचवटे. उद्या बस!

१७ जानेवारी

बसमध्ये प्रत्येक जण खिडकीशी आणि शेजारच्या जागेवर त्याची पिशवी. हिरव्या टोपीवाल्या बाईच्या पिशवीकडे मी रोखून पाहिले. उचलली. कोणी अवाक्षर काढले नाही — उत्तम.

चढापाशी चाके जागच्या जागी फिरू लागली. साखळ्या लावूनही! चालक तेक्ले, मूळचा एरिट्रियाचा, गळ्यात दोन मफलर. त्याने सगळी दारे उघडली. "मंडळी, उतरा! बस हलकी झाली की चढेल. वर भेटू!"

मी म्हटले, "मी तिकीट काढलंय. चालायचं नाही, बसायचं."

"मग बसा बाई. आपण दोघं इथंच राहू. डबा आणलाय ना?"

उतरले. बसच्या मागून सगळी वरात चढ चढली. बस वर पोचली तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी नाही.

१८ जानेवारी

रविवार, दुकान बंद. संध्याकाळी फावडे घेतले. करडे छप्पर दिसू लागले. थोपटून म्हटले, थांब, आलेच. कंबर गेली.

१९ जानेवारी

उरलेली गाडी मोकळी केली. किल्ली फिरेना. जुनी गाडी, कुलूप गोठले असणार — त्यात बर्फ वितळवणारा फवारा मारला, फुंकर मारली, शेवटी लाथही मारली. वरची खिडकी उघडली. वरच्या मजल्यावरचा ओत्तार! त्याच्या गॅलरीत वाळणाऱ्या माशांवरून आमचे बोलणे बंद आहे. होते.

"अहो बोर्गहिल्डबाई, गाडी चोरायची होती तर सांगायचं! किल्ली खाली टाकली असती!"

त्याची गाडी. दोन संध्याकाळी राबून मी ओत्तारची गाडी उकरली! नंबरपट्टी बर्फाने लिंपलेली होती. पुसून पाहिली नाही — आपली गाडी ओळखायला पट्टी कशाला लागते?

माशांबद्दल एक शब्द न बोलता त्याने कॉफी पाजली. पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आरसेसुद्धा पुसलेत हो तुम्ही!"

हसले. घरी आल्यावर हसू गेले. डोळे. दुसरे काय? एका हातावरून आपली गाडी ओळखता येत नाही, तर अंधारात रस्ता ओलांडणारे माणूस काय दिसणार?

२० जानेवारी

ओत्तार सकाळी दारात. "गाडी तुम्हीच मोकळी केलीत. चला, दुकानापर्यंत सोडतो."

नको म्हटले. चढावर माणसे खोळंबतील. काल तिथे दोघे घसरले, तेव्हापासून मी दोघादोघांच्या रांगा लावते. तेक्ले म्हणतो, "साहेबीण आल्या, आता बस चढलीच पाहिजे!"

हिरव्या टोपीने आज मी पाहायच्या आधीच पिशवी उचलली.

२१ जानेवारी

सूर्याचा दिवस, दोन महिन्यांनी सूर्य परत येतो तो! आणि पहाटेपासून पुन्हा वादळ. बस सुटेपर्यंत दुपार होत आली. दुकान बंद राहिले म्हणून मी धुमसत होते. बसमध्ये ज्याच्या त्याच्या मांडीवर सूर्यगोळ्यांचा, म्हणजे मुरंबा भरून तळलेल्या गोड पावांचा डबा, सगळीकडे तळणीचा वास.

चढापाशी उतरलो. निम्म्यावर आलो आणि ढग फाटले. समोरच्या डोंगराचे टोक गुलाबी झाले. मग फटीतून एक कड. नुसती कड! सगळे जागच्या जागी उभे. तेक्ले बस वर थांबवून खाली आला.

"हाच का तो? आमच्याकडे रोज येतो, फुकट. कोणी टोपीसुद्धा काढत नाही!"

असे हसलो की बर्फ खाली आले झाडांवरून. हिरव्या टोपीने मला सूर्यगोळा दिला. मुरंबा हनुवटीवर, साखर नाकावर. "मी गुद्रून," ती म्हणाली. इतके दिवस शेजारी बसून हे पहिले वाक्य! मग सगळ्यांनीच नावे सांगितली, एकदम, ओरडून. आज टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

ती कड मला अगदी स्वच्छ दिसली. पण तेव्हा उजेड होता.

२२ जानेवारी

सुन्निवाला फोन केला. "किल्ल्या घेऊन जा. गाडी मात्र तूच उकर."

"आई, तुला बरं नाहीये का?"

ओत्तारच्या गाडीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "शहाणी ग माझी आई." हे मला हसण्यापेक्षा जास्त लागले.

२३ जानेवारी

रस्ता साफ, वर खडी टाकलेली. चढ कोरडा. तरी तेक्लेने सवयीने बस थांबवून दारे उघडली. मग त्याच्या लक्षात आले. पिशव्या पुन्हा जागांवर जायच्या बेतात होत्या.

मी उठले. "बसून पाय आखडतात," म्हटले. उतरले.

मागून सगळे. दोघादोघांच्या रांगेत!

२५ जानेवारी

रविवार. सुन्निवाला दिले: गाडीच्या दोन्ही किल्ल्या, कुलपाचा फवारा, फावडे.

पुष्कळ वेळाने लालबुंद होऊन वर आली. किल्ली फिरत नाही म्हणाली. खिडकीतून पाहिले. माझी गाडी होती तशीच ढिगाखाली, आणि तिच्या बाजूला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या शेजाऱ्यांची गाडी उकरून चकचकीत उभी. सुन्निवा विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात काम करते. तिचे डोळे दर वर्षी तपासून घेतात!

ओत्तार खिडकीतून ओरडला, "घराणंच चोरांचं!" हसून हसून मी जिन्यातच बसले.

फावडे पुन्हा तिच्या हातात दिले. किल्ल्या परत मागितल्या नाहीत.