तीस नंबरची हिरडी

सोमवार, ३ मार्च. सकाळी.
…काही वर्षांपूर्वीची, दूध उतू गेलं होतं ती सकाळ. मी ओटा पुसत होते, यांचे मोजे पिळून दोरीवर टाकले होते, आणि हे बेसिनपाशी चूळ भरत उभे होते. लेक दारात चपला घालता घालता म्हणाली, आई, मॅडमनी मला घेतलं. मी विचारलं, कुठे घेतलं? मग कळलं. कॉलेजातल्या मोठ्या मॅडमच्या हाताखाली सहा वर्षांचा कोर्स. सकाळी दवाखान्यात हिरड्यांची तज्ज्ञ व्हायचं, दुपारी लॅबमध्ये रिसर्च करून पीएचडी मिळवायची. दोन पदव्या एकदम. मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. हे चूळ टाकून म्हणाले, पक्षी राहू देत, आधी पोरीला डबा दे.

मॅडम हा शब्द या घरात त्या सकाळी पहिल्यांदा आला. हे वर्षभरात गेले. मॅडम राहिल्या.

ही डायरी यांची. आणून ठेवली होती, वापरायची राहिली. वार जुळत नाहीत, खोडून वर लिहिते. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मला मॅडमचा अजिबात हेवा वाटत नाही. हे एकदा नोंदवून ठेवावं, म्हणूनच डायरी काढली.

बुधवार, ५ मार्च
जेवताना सात वेळा मॅडम. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं. मॅडम म्हणतात, घाई करायची नाही. मॅडम काळी कॉफी पितात. आता लेकही काळी कॉफी पिते. माझ्या हातच्या चहाशिवाय जिचे डोळे उघडत नव्हते ती म्हणते, आई, दुधाने पोट जड होतं. इतकी वर्षं झालं नव्हतं. केसही तसेच कापून आली. मी म्हटलं, छान दिसतात. मॅडमना फोटोत पाहिलंय. त्यांना तरी कुठे शोभतात?

संकल्प: लेकीचं हिरड्यांचं जाड पुस्तक रोज दहा पानं वाचायचं. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालयाची तीन कपाटं मी संपवली आहेत. महिन्याभरात लेकीशी मॅडमसारखं बोलता येईल. ही माणसं उगाच अवघड करून ठेवतात. हिरडी म्हणजे हिरडी.

शुक्रवार, ७ मार्च
चार पानं झाली. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा असतो. तो खोल होत गेला की आतलं हाड झिजतं. जेवताना लेकीला सहज विचारलं, आज किती मिलिमीटरचे खिसे सापडले? म्हणाली, आई, जेवू दे ना गं. पाचच मिनिटांनी मॅडमचा फोन. तेव्हा मात्र घास हातात धरून सहा मिलिमीटर, रक्त, पू, सगळं. पूसुद्धा. जेवण चालूच.

जिन्यात शेजारीण भेटली. म्हणाली, वहिनी, लेक अजून शिकतेच का हो? आमच्या सुनेने दातांचा दवाखाना टाकून दोन वर्षं झाली. मी म्हटलं, तुमची सून दात काढते, आमची लेक ते का पडतात ते शोधते. म्हणाली, सापडलं की सांगा हं.

शनिवार, ८ मार्च
लेक रडवेली. तिच्या अभ्यासात पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी एका बाजूचे चार दात तीन आठवडे घासायचे नाहीत. हिरडी किती लवकर सुजते ते बघायचं. नंतर साफ करून देतात, हिरडी पुन्हा पहिल्यासारखी. तीस माणसं हवीत, एक कमी आहे. ते एक मिळालं नाही तर प्रबंध अडकतो आणि वर्ष वाया जातं. म्हणाली, आई, या वयाची माणसं आमच्याकडे येतात ती दात हातात घेऊनच येतात.

मी तोंडात जीभ फिरवून पाहिली. माझे सगळे आहेत. लेकीला न सांगता जायचं ठरवलं. लेकीच्या कामी आई नाही येणार तर कोण येणार? त्या निमित्ताने मॅडम जवळून दिसतील, हा भाग वेगळा.

मंगळवार, ११ मार्च
मंगळवारी सकाळी लेक वरच्या मजल्यावर पेशंट बघते. तेव्हाच तिच्या दवाखान्यात गेले. मॅडम प्रत्यक्षात बुटक्या आहेत. बरं वाटलं. मला काकू म्हणाल्या. स्वतःच्या केसांना रंग लावून दुसऱ्याला काकू म्हणायला काय जातं!

विचारलं, इथे तुमचं कोणी नातेवाईक काम करतं का? मी म्हटलं, नाही. खोटं बोलले नाही. लेक काम कुठे करते, ती शिकते. हवं तर शेजारणीला विचारा. आडनावाचं म्हणाल तर आमच्या आडनावाची माणसं ढिगाने सापडतात. एक कागद पुढे आला, सही केली.

दर मंगळवारी मॅडम तपासणार, कागदाच्या बारीक पट्टीने हिरडीतला ओलावा टिपणार, आणि पट्टी लॅबमध्ये लेकीकडे जाणार. पट्टीवर नाव नसतं, नुसता नंबर. मी तीस नंबर. खालच्या डाव्या चार दातांसाठी प्लास्टिकचं टोपण दिलंय. बाकीचे घासताना ते चढवायचं, म्हणजे चुकून ब्रश लागत नाही. सोपं आहे. मी शब्दाची पक्की.

शुक्रवार, १४ मार्च
जीभ सारखी डावीकडेच जाते. पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरतं तसं लागतं. हे असते तर म्हणाले असते, लेकीसाठी एवढंही होत नाही? होतंय. शब्द पाळतेय.

पण मंगळवारी त्या बाईचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर असणार. तिच्या मनात येईल, ही घरातही अशीच राहत असेल. मी कोण ते तिला माहीत नाही, हे खरं. मला तर माहीत आहे.

सोमवार, १७ मार्च
ब्रश लावला नाही. ओल्या रुमालाने नुसतं पुसून घेतलं. ब्रश लावू नका असं सांगितलं होतं. रुमाल म्हणजे ब्रश नव्हे.

मंगळवार, १८ मार्च
मॅडमनी आरसा आत घालून दोनदा पाहिलं. म्हणाल्या, अरे वा. मग विचारलं, काकू, टोपण घालता ना? म्हटलं, न चुकता. काहीतरी लिहून घेतलं.

अरे वा! एवढ्या शिकलेल्या बाईने अरे वा म्हणावं! माझ्या हिरड्या मुळातच चांगल्या असणार. रुमालाचा काय संबंध? संध्याकाळपासून रुमाल बंद केला. बिनपेस्टचा ब्रश फिरवते. पेस्टशिवाय घासणं हे काही घासणं नव्हे.

पुस्तक: तेच चौथं पान. डोळ्यांवर ताण येतो.

शनिवार, २२ मार्च
लेक आली ती बोलतच आली. आई, तीस नंबर! बाकी सगळ्यांच्या पट्ट्यांवर सूज वाढताना दिसतेय आणि ही बाई ढिम्म. इतकी निरोगी हिरडी! काहीतरी वेगळं आहे तिच्यात. कुणाला ठाऊक, नवीनच काही सापडेल. मी भाजी वाढत म्हटलं, असेल हो एखादी.

मॅडम काय म्हणाल्या, म्हणून विचारलं. त्या म्हणतात, कागद उघडेपर्यंत थांब. तपासणीत मॅडमनी काय लिहिलं ते शेवटपर्यंत लॅबला दाखवायचं नसतं. नियम आहे म्हणे. मी काय ते ओळखलं. बाई जळते.

बुधवार, २६ मार्च
काल दुसरी तपासणी. या वेळी अरे वा नाही. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, काकू, तुम्हाला काही सांगायचंय का? मी म्हटलं, केसांना रंग कुठला लावता? त्यांनी सांगितला.

दोन्ही वेळा पेस्ट लावून घासायला लागले आहे. आता माघार नाही. लेकीचं सगळं या हिरडीवर आहे.

शुक्रवार, २८ मार्च
उठता तीस नंबर, बसता तीस नंबर. लेकीने तिचा आलेख लॅबच्या फळ्यावर लावलाय. म्हणते, आई, एकदा भेटायला हवं गं तिला. काय खात असेल, कशी राहत असेल, सगळं विचारायचंय.

मी जन्मभर हिच्यासमोर बसून जेवतेय. मी काय खाते ते हिने एकदाही विचारलेलं नाही. हे गेल्यावर मी रात्रीचं जेवत नव्हते, ते महिनाभर हिच्या लक्षात आलं नाही. आणि कोण कुठली ही तीस नंबरवाली, तिच्या पानात काय असतं याची चौकशी!

भांडी घासताना आठवलं, ती मीच. तरी राग गेला नाही.

मंगळवार, १ एप्रिल
शेवटची तपासणी. आज सगळ्यांना दात साफ करून देतात. माझं पाच मिनिटांत झालं. मॅडम म्हणाल्या, धन्यवाद काकू. खुर्चीची पाठ सरळ करता करता म्हणाल्या, तोंडाकडे न बघता. हेवा माणसाला कसा कोरडा करून टाकतो.

संकल्प: निकाल छापून आला की तीस नंबर कोण ते लेकीला सांगायचं. मॅडमसमोर. कपडे ठरवले आहेत.

शनिवार, ५ एप्रिल
कागद उघडले.

लेक दुपारीच घरी. चपला भिरकावल्या. तीस नंबरवाली खोटारडी निघाली, म्हणाली. हिरडी सुजायला आधी दातावर थर बसावा लागतो. मॅडमच्या कागदावर दर आठवड्याला तिचा थर शून्य. रोज घासत होती. मॅडमना पहिल्या तपासणीपासून संशय, पण नियमामुळे बोलता येत नव्हतं.

आई, असं का केलं असेल गं कुणी? मी म्हटलं, असतात अशा बायका. म्हणाली, नालायक. मी म्हटलं, हो ना.

तीस नंबर बाद. पुन्हा एक कमी. या आठवड्यात कुणी बसलं नाही तर वर्ष गेलं. बोलता बोलता पलंगावर पालथी पडली, उशीत तोंड. हे गेले तेव्हाही अशीच पडली होती. तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. आज ठेवता आला नाही. भाजी चिरायची होती.

रविवार, ६ एप्रिल
संकल्प: सांगायचं नाही. सांगून काही दातावर थर येणार नाही. लेकीला आणखी त्रास. शिवाय चूक मॅडमची. पहिल्याच दिवशी ओरडल्या असत्या तर मी पुढे घासलं असतं का?

शेजारीण बाल्कनीत उभी राहून अख्खं सफरचंद खात होती. कडाकडा. माझ्याच वयाची. दात सगळे स्वतःचे. मी दार लावून घेतलं. जगात दुसरी कुणी उरली नाही तरी तिच्याकडे जाणार नाही.

बुधवार, ९ एप्रिल
दोन दिवस लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी लेक बॅग भरत होती. म्हणाली, तीस नंबरचा पत्ता मॅडमकडे असणारच. आज मागून घेते आणि त्या बाईला जाऊन विचारते. म्हणजे तिला मॅडमच्या टेबलापाशी कळलं असतं, मॅडमच्या तोंडून. तेवढं नको होतं. म्हटलं, पत्ता कशाला, इथेच विचार.

तिने बॅग खाली ठेवली. मला खिडकीपाशी नेलं, म्हणाली, आ कर. लेकीने माझ्या तोंडात पाहायची ही पहिलीच वेळ. हनुवटीला धरून बराच वेळ बघत होती. म्हणाली, किती जोरात घासलंस गं. हिरडी खाली गेलीय इथे. आवाज पेशंटशी बोलतात तसा होता. मग बॅग उचलली आणि म्हणाली, आणि घासलं नसतंस तरी तुला धरता आलं नसतं. घरचं माणूस चालत नाही. एवढं जाड पुस्तक वाचतेस, सही केलीस तो कागद नाही वाचलास?

म्हणजे मी मोजणीत नव्हतेच.

मी विचारलं, मॅडमना सांगणार? म्हणाली, सांगावंच लागेल. दारातून मागे वळून म्हणाली, आज जेवून घे. आणि गेली. तिची कॉफी तशीच राहिली होती. मी पिऊन पाहिली. त्यात आवडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीची बेल वाजवली, तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तिचं हसून होईपर्यंत थांबले, तिला घेऊन दवाखान्यात गेले, आणि मॅडम आत तिचे दात बघत होत्या तोवर तिची पर्स मांडीवर धरून बाहेरच्या बाकावर बसले.