आप्पांचा वाफा

हिंगोली,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,

नमस्कार. मी बरी आहे. मैत्रिणीकडे, पुनमच्या घरी उतरले आहे. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र रोज इकडे फेऱ्या मारणाऱ्या नरसिंगच्या जीपने आपल्या गावी, गोरेगावला पाठवते. झालेलं क्रमाने लिहिते.

१. गेल्या वर्षी जानेवारीत तुम्ही हिमाचलात, लाहौलला माझ्याकडे आलात.
२. मी जेवायला गेले असताना तुम्ही फावडं घेऊन माझ्या प्रयोगातल्या फुलझाडांच्या एका वाफ्यावरचा बर्फ काढून टाकलात.
३. मी काहीतरी बोलले.
४. दुसऱ्या सकाळी तुम्ही परत निघालात.
५. उन्हाळ्यात त्या वाफ्यात एकही फूल आलं नाही. बर्फाखाली राहिलेले शेजारचे वाफे उशिरा, पण दाट फुलले.

पाचव्या गोष्टीने माझं काम बदललं. बर्फ तिथल्या झाडांची गोधडी आहे. वर हवा उणे वीस असली तरी खाली माती शून्याच्या जवळपास राहते. गोधडी काढली की मुळं गोठतात. एका वाफ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून पुढच्या हिवाळ्यात मी मुद्दाम बारा वाफे उघडे केले. बाराही वाफ्यांत तेच झालं.

आप्पा, या कामाला संशोधन परिषदेत यंदाचं पहिलं पारितोषिक मिळालं. देशभरातून आलेल्यांमध्ये पहिलं! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "ये फावडेवाला आयडिया किसका था?" मी म्हणाले, "पिताजी का." पुढचं सांगितलं नाही.

पुढचं म्हणजे तिसरा मुद्दा. तुम्ही म्हणालात, "लेकरा, हळदीत पाणी साचलं तर आपण चर काढतो, बराबर? मग ही झाडं गुदमरून राहिली, तर बघत बसावं व्हय?" मी म्हणाले, "आप्पा, हे तुमचं वावर न्हाई." एवढ्यावर थांबले नाही. तिथल्या माझ्या सहकाऱ्यांना कळावं म्हणून तेच हिंदीत पुन्हा म्हणाले. ते हसले. तुम्ही फावडं पुसून भिंतीला टेकवून ठेवलंत.

शुक्रवारी, २१ तारखेला, सकाळी अकरा वाजता इथे माझ्या जुन्या कॉलेजात माझं भाषण आहे. पडद्यावर त्या वाफ्याचा फोटो येईल. त्याखाली 'आप्पांचा वाफा' असं लिहिलं आहे. तो कोणी आणि का उघडा केला, आणि मी काय बोलले, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. या वेळी मराठीत.

पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. आईला आणा.

येणार की नाही, ते बुधवारपर्यंत, १९ तारखेपर्यंत, नरसिंगकडून कळवा.

तुमची,
प्रतिक्षा