एकशे त्र्याऐंशी हरकती, मजकूर एक

मी, शरच्चंद्र दिगंबर निसळ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दस्तलेखन (आता बंद), राहणार मौजे आंबेझरी, तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, आज रविवारी सकाळी माझ्या घराच्या ओसरीत बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी भरीस घातलेले नाही, व्यसन नाही. तपकीर ओढत होतो, ती माझी पत्नी कै. सुचित्रा हिने सोडवली.

तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली मी सेहेचाळीस वर्षे टेबल मांडून बसलो. खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे, दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली. लोक मला नावाने हाक मारत नाहीत, रायटर म्हणतात. माझी पद्धत एकच. मसुद्यांची वही उघडायची, हवा तो नमुना काढायचा, नाव-गाव बदलायचे. समोरचा माणूस रडत असला तरी मी म्हणायचो, "ते राहू द्या, चतुःसीमा सांगा." त्या पद्धतीवर माझे घर चालले आणि त्याच पद्धतीने मी गावाचे नुकसान केले. म्हणून हे मृत्युपत्र वहीत बघून लिहीत नाही. त्यात फापटपसारा झाला तर वाचणाराने सांभाळून घ्यावे.

कलम १. गावठाणातील माझे राहते घर, परसातील शेवग्यासह, माझा एकुलता मुलगा चि. सुहास, राहणार पुणे, यास मिळावे. त्याने ते विकले तरी माझी तक्रार नाही. छप्पर पश्चिमेच्या कोपऱ्यात गळते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. मी विकणाऱ्यांना हे कधी सांगू दिले नाही.

कलम २. सुचित्राच्या पाटल्या आणि मोहनमाळ सुहासची मुलगी चि. भार्गवी हिला द्यावी. बँकेत जे काही आहे त्यातून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे, उरेल ते सुहासचे. वर आणि खाली न लिहिलेले, अथवा ज्याला दिले त्याला न पोचलेले सर्व काही सुहासचे.

कलम ३. लिंबाखालचे टेबल, घडीची खुर्ची आणि मराठी टंकयंत्र माझे शेजारी हनुमंत यांस मी कालच देऊन टाकले आहे, ते माझ्या मिळकतीत धरू नये. त्यांचे झेरॉक्सचे दुकान माझ्या टेबलाला लागून आहे आणि माझ्या टेबलाचा चौथा पाय तीस वर्षे त्यांच्याच विटेवर उभा आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. मसुद्यांची वही मात्र कोणालाही देऊ नये. ती माझ्या सरणावर ठेवावी. तिचा उपयोग नाही असे नाही, उपयोग फार आहे, म्हणूनच.

कलम ४. गावातील भिमाजी यांस मी काहीही देत नाही, पण त्यांचे नाव येथे येणे भाग आहे. आमच्या गावाच्या पूर्वेला ओढ्यापासून टेकडीपर्यंत जो शेतांचा पट्टा आहे, तो सरकारी आराखड्यात हिरव्या रंगाने दाखवला आहे. हिरव्यात शेती करता येते, वसाहत उभारता येत नाही. २०२१ साली एका बांधकाम कंपनीने तो पट्टा पिवळा करून मागितला. पिवळा म्हणजे घरे. सातशे घरे, असे त्यांच्या रंगीत कागदावर होते. भिमाजींनी सर्वांत आधी जमीन देऊ केली आणि मग दारोदार हिंडून इतरांची मने वळवली. त्यांचा करारनामाही त्यांनी माझ्याकडून न लिहिता दुसरीकडून लिहून घेतला. खरे सांगायचे तर मला आधी राग आला तो याचा. जमिनीचा राग नंतर आला. माझ्या तेराव्याला त्यांनी जेवायला जरूर यावे. कंपनीच्या गाडीतून येऊ नये.

कलम ५. आंबेझरी शिवारातील गट नंबर २१८, क्षेत्र बावन्न आर, ही माझी जिरायत जमीन श्रीमती इमामबी अलीम शेख यांस मिळावी. त्या शेजारच्याच गटाच्या खातेदार आहेत, त्यामुळे शेतजमीन घेण्यास त्यांना अडचण नाही. माझा मुलगा हयात असताना मी परक्याला जमीन का देतो, असा प्रश्न निघेल. उत्तर लांब आहे.

गट २१८ ओढ्याच्या काठाला, डांबरी रस्त्यालगत आहे. कंपनीचा रस्ता याच्यातून गेल्याखेरीज मागच्या पट्ट्याला वाट नाही. सुहासचे म्हणणे, "बाबा, सगळे विकणार असतील तर आपण एकटे काय राखणार?" मी त्याला उत्तर दिलेले नाही. जमीन द्यावी पण विकू नये अशी अट घालावी, तर तशी अट कायद्यात टिकत नाही. हे मी पुष्कळांना तोंडावर सांगून त्यांची तोंडे पडलेली पाहिली आहेत. आता माझे पडले.

२०२१ साली हरकती घेण्यास तीस दिवस होते. गाव माझ्याकडे आले. प्रत्येकाने काहीतरी खरडून आणले होते: वहीचे पान, लग्नपत्रिकेची पाठ, खताच्या पावतीची मागची बाजू. आमच्या आळीतल्या राहीबाईंनी लिहून आणले होते, "वड्याला पूर आला की पानी आमच्या वट्ट्यापत्तुर येतं. पलीकडच्या वावरात पसरायला जागा हाय म्हनून गाव वाचतं. तिथं भिती बांधल्या तर पानी कुठं जाईल, आमच्याच घरात." मी तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. हे कायद्याच्या भाषेत बसत नाही, म्हणालो. मी एक सुंदर मजकूर केला: "सदर प्रस्तावामुळे पर्यावरणीय समतोल बिघडण्याची शक्यता नाकारता येत नाही." दोन पाने. हनुमंतांनी त्याच्या प्रती काढल्या, मी नावे भरली, लोकांनी सह्या-अंगठे केले. एकशे त्र्याऐंशी हरकती. गठ्ठा दोरीने बांधून जमा केला आणि पोच घेतली त्या दिवशी मी घरी जाताना भेळ खाल्ली, इतका खूश होतो.

एकाने सही केली नाही. अलीम शेख, इमामबींचे यजमान, माझ्याबरोबर पाटीवर अक्षरे गिरवलेला. त्याने माझा मजकूर दोनदा वाचला. मग म्हणाला, "रायटर, तुझं मराठी लई चांगलं हाय. पन ह्यात माझी हीर कुठं हाय?"

मी म्हणालो, "एवढं समजतं तर तूच लिही, आणि तूच उभा राहा."

"राहतो की," अलीम म्हणाला आणि त्याने पेन्सिलीने आपली हरकत लिहिली.

सुनावणी २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या कचेरीतच झाली. अधिकाऱ्यांनी गठ्ठा सोडला, वरचे चार-पाच कागद पाहिले आणि टिपण घातले: सर्व अर्जांचा मजकूर एकच असल्याने ही एकच हरकत समजण्यात येते, तीत कोणतेही ठोस कारण नमूद नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. ठोस कारणे लोकांनी मला आणून दिली होती. मी ती व्याकरण तपासून गाळली.

मग वेगळ्या मजकुराची म्हणून अलीमची हरकत पुकारली. तो एकटाच आत गेला. त्याने विहिरीचे सांगितले, ती कोणत्या महिन्यात किती उतरते, टेकडीचे पाणी कुठून मुरत येते, तिथे बोअर पाडले तर खालच्या अकरा विहिरी कशा कोरड्या पडतील. अधिकाऱ्यांनी विचारले, गट नंबर काय? अलीमने सांगितले, "तळ्याचं वावर." त्यांनी पुन्हा विचारले. आयुष्यभर त्या जमिनीला तळ्याचं वावर म्हणणाऱ्या माणसाला तिचा नंबर कशाला पाठ असेल? तो दारात आला आणि आवारात माझ्या टेबलाकडे बघितले. हाकेच्या अंतरावर होतो मी. त्याचा गट २१९, मला झोपेतही सांगता आला असता. मी मान खाली घातली आणि एका प्रतिज्ञापत्रावर तिकीट चिकटवत राहिलो. मला वाटले होते, त्याने हाक मारावी. त्याने मारली नाही. त्याच्या हरकतीवर शेरा पडला: ठिकाणाचा बोध होत नाही.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. चौदा महिन्यांनी तो गेला. मी दफनाला गेलो, माती दिली. त्याचा मुलगा फैयाज याने मला पुढे यायला वाट करून दिली, याची मला आजही लाज वाटते. अलीम, मी चुकलो. हे वाक्य तुझ्या हयातीत मला म्हणता आले नाही.

पुढे निवडणुका आल्या, कंपनीतल्या भागीदारांचे बिनसले आणि प्रस्ताव तसाच पडून राहिला. यंदा दिवाळीआधी तो नकाशात थोडा बदल करून पुन्हा प्रसिद्ध झाला आणि हरकती नव्याने मागवल्या. या खेपेला मी फक्त समासात गट नंबर घालून दिले, बाकी एका काना-मात्रेला हात लावला नाही. एकसष्टच आल्या, बाकीच्यांचा धीर सुटला आहे. त्यांत इमामबींची आहे, पेन्सिलीच्या जुन्या कागदावरून उतरवलेली. परवा मंगळवारी सुनावणी आहे. माझे गुडघे काम देत नाहीत, म्हणून मी जाणार नाही. ज्या माणसाला मी दारात उभे केले त्याच्या घरात ही जमीन गेली, तर ती राहीलही आणि माझ्याकडून काही फेडही होईल. येणेप्रमाणे कलम पाच.

कलम ६. (हे सही करण्यापूर्वी वाढवले आहे.) वरील मजकूर पुरा करून मी साक्षीसाठी हनुमंत व राहीबाई यांना बोलावले. राहीबाई येताना इमामबींना घेऊन आल्या. हनुमंतांनी सर्वांसमक्ष मृत्युपत्र वाचले. कलम पाच संपले. मग इमामबी म्हणाल्या, "रायटरभाऊ, मला जमीन नको."

मी म्हणालो, "भाभी, ही अलीमसाठी आहे."

"त्यांच्यासाठी काय करायचं ते त्यांच्या माघारी कागदावर नका करू. मंगळवारी मी हरकत घेऊन उभी राहनार. कंपनीचा वकील म्हनंल, ह्या बाईला रायटरची जमीन मिळायची हाय, म्हनून वरडती. मंग त्यांचंबी नाव जाईल आन् माझंबी."

"मग जमीन सुहासकडे जाईल. तो विकील."

"तुमी त्याला नको विकू म्हनला का कदी?"

नव्हतो म्हणालो. त्यांनी माझा मोबाईल उचलून माझ्या हातात दिला. मी सर्वांसमोर सुहासला फोन लावला आणि म्हणालो, ओढ्याकाठचे शेत विकू नये असे मला वाटते. तो म्हणाला, "बाबा, हे तुम्ही मला कधी बोललाच नाहीत." खरे आहे. त्याच्याशीही मी दस्तातल्यासारखाच बोलत आलो. तो काय करील मला ठाऊक नाही. विचार करतो, म्हणाला.

मी हनुमंतांना कलम पाच खोडायला सांगणार, तेवढ्यात इमामबींनी विचारले, साक्षीदाराला काही मिळतं का? मी सांगितले, मृत्युपत्रात ज्याला काही दिले आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर दस्त टिकतो, पण त्या माणसाला दिलेले रद्द होते. त्या म्हणाल्या, "मंग खोडू नका. तुमी द्यायला निघालता, हे राहू द्या वाचनाराला. राहीबाई, सरका. पेन आना इकडं." मी कायदा पुन्हा समजावला. त्यांना तो पहिल्याच खेपेला नीट समजला होता.

पेन हातात घेऊन त्यांनी आणखी विचारले, "गुडघं दुखत्यात ना? फैयाज रिक्षा आनतो. दारापत्तुर रिक्षा जाती. तितून आत माझ्यासंगं चला. मला गट नंबर इचारतील."

सबब, कलम पाचमधील "मी जाणार नाही" हे शब्द रद्द समजावेत. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात यावे, मात्र मंगळवारच्या आधी नको. मला काम आहे.

ठिकाण: मौजे आंबेझरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) शरच्चंद्र दिगंबर निसळ

लिहून ठेवणार यांनी शुद्धीवर असताना आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केल्या.

साक्षीदार १: (सही) हनुमंत भागाजी वाकचौरे
साक्षीदार २: (सही) इमामबी अलीम शेख, गट नंबर २१९