मोटर दोन बोटं वर

कार्ल्सरूहे, १४ जून १९५९

आज जमलं! माझ्या घरमालकीणबाई, फ्राउ केलर, नवरा वारल्यावर त्याची मोटरबोट विकायला निघाल्या होत्या. ती पूर्वीसारखी पळेना. मला वाटायचं, मागची मोटर पाण्यात फार खोल बसतेय. सकाळी ती बोटीच्या काठावर टेकते तिथे, तिच्याखाली दोन बोटं जाड लाकडी पट्टी घातली. फक्त दोन बोटं! आधी का नाही सुचलं? ऱ्हाइनवर बोट अशी सुटली की माझी टोपीच उडाली.

"गेनाऊ! अगदी बरोबर! अश्शीच पळायची!" सुकाणू धरून बाई ओरडल्या आणि रडायलाच लागल्या. मी घाबरलो. चुकलं का माझं?

धक्क्यावर गिऱ्हाईक थांबलं होतं. त्याला म्हणाल्या, "माफ करा, बोट विकायची नाही."

मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला चालवायला शिकायचंय?"