मोहराचं औषध आणि जावयांची डबी

आबा, कसे आहात? उजवा गुडघा साथ देतो का? आईचा दमा कसा आहे? आत्येला आता सुईत दोरा ओवता येतो का? तिकडे दुखणी असतात की नाही ठाऊक नाही, पण विचारपूस केल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही. इकडे तुमची सून बरी आहे. साखर ताब्यात आहे, जीभ नाही. विहिरीजवळचा जुना हापूसही बरा आहे. माझंच जरा तुमच्या कानावर घालायचं आहे.

यंदा आंबे काढायला त्या हापूसवर चढलो आणि दुसऱ्या बेचक्यातच बसून राहिलो. चक्कर नाही, दुखणं नाही, नुसतं वर जावंसं वाटेना. खालून जावई बघत होते. ते लोट्याला कारखान्यात असतात, रसायनांतलं त्यांना कळतं असा घरात समज आहे. पुढच्या रविवारी डबी घेऊन हजर. "मामा, वयाबरोबर पुरुषाचं हार्मोन उतरतं. हे घ्या, पुढच्या हंगामात शेंड्यावर असाल." डबीवर दंड फुगवलेला एक म्हातारा. दात इतके पांढरे की औषधाआधी मला त्याचाच संशय आला. शाळा सुटली तरी माझं वाचन सुटलं नाही, हे तुम्ही जाणताच. चष्मा लावून फोनवर शोधत बसलो. ज्या पानावर गुण गायलेले, त्याच पानाच्या तळाशी विकत घ्यायचं बटण! तुमची सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आंब्याला मोहराचं औषध देतात तेव्हा बुंध्याभोवती चर खणतात. यांच्याभोवती कुठे खणू, पडवीत की अंगणात?" जावई लाजले बिचारे. प्रेमानेच आणलं होतं त्यांनी.

मी हसलो, पण ते बोलणं मनात रुतलं. जुना प्रसंग डोळ्यांपुढे आला: मोहराचं ते औषध आपल्याकडे नवीन आलंय, तुम्ही त्याच झाडाखाली कुदळ घेऊन उभे आहात. व्यापारी सांगतोय, आता एकही वर्ष खाडा नाही, दरसाल मोहर. तुम्ही विचारता, "आणि बंद केलं की?" तो म्हणतो, "बंद कशाला करायचं?" तुम्ही कुदळ खांद्यावर टाकता आणि घरी येता. शेजाऱ्यांनी खतपाणी सांभाळून औषध दिलं, त्यांची बाग आजही छान आहे. तेव्हा तुमचंच खरं असंही म्हणवत नाही.

तुमचाच प्रश्न घेऊन रत्नागिरीत डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "सकाळचं रक्त तपासू, एकदा नव्हे, दोनदा. हार्मोन खरंच फार कमी असेल आणि त्रासही असेल, तर देखरेखीखाली देतात. काहींना थोडा फायदा होतो. नुसतं वय झालं म्हणून नाही. रक्त दाट होऊ शकतं, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागतं." मी म्हटलं, "आणि बंद केलं की?" "बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. परत सुरू व्हायला वेळ लागतो." डबी पुढे केली. उलटसुलट बघून म्हणाले, "यात नक्की काय आहे, मलाही माहीत नाही." तोवर मला त्यांचाही संशयच होता. त्या 'माहीत नाही'वर मात्र विश्वास बसला.

पण घरी येताना वेगळंच आठवलं. शेवटच्या हंगामांत तुम्ही बागेभोवतीच्या गडग्याच्या चिऱ्यांवर बसून असायचात. मी शेंड्यावरून खाली बघायचो, तर तुम्ही ओरडायचात, "मेल्या, फांदीकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस!" आम्ही समजायचो, आबा देखरेख करतायत. आबा, तुम्हालाही नुसतं उठावंसं वाटत नव्हतं का? तसं असेल, तर त्याचं काय केलंत? मनाला काय सांगितलंत? मला औषधापेक्षा तेवढंच हवं आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते कपाटातच राहणार. रक्त तपासायला अजून गेलो नाही. डबी तांदळाच्या डब्यामागे आहे. तुमच्या सुनेला वाटतं, मी फेकली. आणि झाकण उघडून मी दोनदा हुंगलंय.

तेव्हा जमलं तर लवकर लिहा, आबा. मोहर यायच्या आत.