घोट्याचे चौदा दिवस

॥ श्री ॥

श्रीरामपूर
शुक्रवार, पौष वद्य त्रयोदशी
दि. १६ जानेवारी २०२६

सौ. बनुबाई विहीणबाईंना झुंबरबाईचा नमस्कार.

आधी पोच देते. तुम्ही पाथर्डीच्या गाडीत ठेवलेली बाजरी पाच किलो, हुलगे दोन किलो आणि तिळाच्या लाडवांचा डबा मिळाला. हमाली चाळीस रुपये. संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी आल्यामुळे मी लाडू दुसऱ्या दिवशी खाल्ला. छान झाला होता, गूळ जरा पुढे होता.

याशिवाय सोमवारपासून घरात आलेला माल असा: क्रेप बँडेज चार (वापरात एक), आंबेहळदीच्या कांड्या सात, तुरटी, शेजारच्या फ्रिजमधला बर्फ, आणि एक काळा दोरा. दोरा कुणी आणला ते कुणी कबूल करत नाही. एक्स-रे चारशे, डॉक्टर तीनशे, लेप दीडशे. लेपाचे दीडशे पाण्यात गेले, कारण डॉक्टरांनी तो आधी पुसायला लावला.

घाबरू नका. निकिताचा उजवा घोटा मुरगळला आहे. हाड शाबूत आहे, जेवण नीट आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोन वाजला की ओट्यावरची माणसं "स्पीकरवर टाका" म्हणतात, आणि तुमच्या वस्तीवर रेंज आली तरी तुम्ही नुसतं "हां, हां" करता.

ओट्यावर माणसं कसली, तर आपल्या निकिताच्या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांची. रथसप्तमीला, म्हणजे रविवारी पंचवीस तारखेला, राहात्याशी अंतिम सामना आहे. गेल्या रविवारी त्यांच्याशीच साखळीतला सामना बरोबरीत सुटला. पंचवीसला जिल्ह्याच्या संघाची निवडही तिथंच व्हायची आहे. त्यात सव्वीस वर्षांपर्यंतच घेतात, आणि निकिताला मार्चमध्ये सत्ताविसावं लागेल. त्यामुळे तिचा घोटा किती दिवसांत बरा होतो हा प्रश्न आता आमच्या घरचा राहिलेला नाही. सकाळी दुधापासून जे येतात ते दिवे लागेपर्यंत. तीळगूळ आणि चहा मला.

"नऊ दिवस, वहिनी. लिहून घ्या," फक्रुद्दीनभाई म्हणतात. तीस वर्षं एसटी चालवली, तरुणपणी मिशनच्या मैदानावर गोलकीपर होते. "माझा दोनदा गेला. नवव्या दिवशी स्टिअरिंगवर बसलो."

"स्टिअरिंगला घोटा लागतो का चाचा?" हा भागवत, कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानाचा.

"मग ब्रेक काय तुझा आजा दाबायचा?"

"तिकडं परदेशात असल्या घोट्याला सहा आठवडे बसवून ठेवत्यात. मी बघतो ना रोज."

"त्यांच्या घोट्याचा विमा असतो, म्हणून बसतात. आपल्या पोरीला शाळेत पीटी शिकवायची असते."

छबूबाई पलीकडच्या घरच्या. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेले, आणि हे त्या कुणाला विसरू देत नाहीत. "माजा पाय एकदा लागू द्या, मंग बगा. लई लोकांची उसण काढलीय म्या."

"मावशी, उसण पाठीत भरती. हा घोटा हाय."

"मंग घोट्याला मागची बाजू नसती व्हय?"

छबूबाईंचा पाय मात्र मी लागू दिला नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय, मार लागल्यापासून चौदा दिवस पळायचं नाही. रविवारपासून धरलं तर बरोबर पंचवीसला मोकळी होते. सगळे खूश आहेत.

लागलं कसं, तर रविवारच्या सामन्यात राहात्याच्या आयत नावाच्या मुलीने पाय घातला, असं सगळे म्हणतात. रविवारी रात्री निकिता चालत होती, भांडीही तिनंच घासली. सूज सोमवारी संध्याकाळी आली. दोरीवरचे कपडे काढायला मी तेव्हा मागच्या अंगणात होते, एवढंच.

बाकी सर्व क्षेम. तुमचा डबा धुऊन ठेवला आहे.

झुंबर

॥ श्री ॥

श्रीरामपूर
मंगळवार, माघ शुद्ध द्वितीया
दि. २० जानेवारी २०२६

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. तीनच ओळी, पण मी त्या पोथीसारख्या वाचल्या. "माझी पोर समोरच्याच्या पायानं पडत न्हाई. ल्हानपनी तिला खोंडानं पाडली न्हाई. खरं काय ते लिव्हा."

लिहिते. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका. अक्षर मोठं काढलं आहे, सावकाश वाचा.

लग्नात तुम्ही रुखवतावर समई आणि ताटांच्या मधोमध तिचे फुटबॉलचे बूट मांडलेत. मी त्यांच्यावर टॉवेल टाकला. चार बायकांदेखत टाकला. तेव्हापासून आपलं बोलणं पोच देण्यापुरतं उरलं, त्यात चूक माझी होती. हे आज का आठवतंय ते पुढे येईल.

लग्नानंतर ती मागच्या अंगणात एकटीच भिंतीवर चेंडू मारत बसायची. एकदा चेंडू थेट तुळशीपाशी आला. मी नैवेद्याच्या स्वयंपाकासाठी सोवळ्यात होते. चेंडू चामड्याचा, त्याला हात कसा लावायचा? म्हणून पायाने ढकलला. तो नेमका तिच्या पायात गेला. ती म्हणाली, "आई, परत मारा." मी म्हटलं, गप्प बस. दुसऱ्या दिवशी चेंडू परत तुळशीपाशी. तिसऱ्या दिवशीही. विहीणबाई, तुमची मुलगी लबाड आहे.

महिन्याभराने तिनं सांगितलं की हल्लीच्या चेंडूत चामडं नसतंच. तोवर पायाला सवय लागली होती.

गेलं दीड वर्ष रोज दुपारी चार ते पाच आम्ही खेळतो. तुमचा जावई हर्षल कामावर, त्याचे बाबा झोपलेले, मागचं दार लावलेलं. साडी खोचून घेते. चप्पल नाही, अनवाणी. ती चेंडू घेऊन येते आणि मी काढायचा. पहिले सहा महिने एकदाही निघाला नाही. आता दहातून तीनदा निघतो. कधी चारदा. हे मी या जगात कुणाला सांगितलेलं नाही. देवापुढे बसते तेव्हा त्यालाही सांगत नाही, तो बघतच असेल.

बारा तारखेला, सोमवारी, मी चेंडू काढला आणि पाय तिच्या घोट्यावर पडला. माझं वजन तुम्हाला माहीत आहे.

हर्षल आला तेव्हा ती जमिनीवर आणि मी बर्फ शोधत. "काय झालं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कालचंच आहे. आयतने पाय घातला होता, आज सुजलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चौपन्न वर्षांच्या सासूचं गावात हसू होऊ नये म्हणून ती खोटं बोलली, आणि मी ते तोंडात धरून बसले. डॉक्टरांसमोरही तेच.

ते अंगाशी आलं. ओट्यावर दोन दिवस दिवसांचीच चर्चा होती, तिसऱ्या दिवशी आयतची सुरू झाली. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये तिला वाटेल ते लिहायला लागले. एकोणीस वर्षांची पोर. शेवटी ठरलं की स्पर्धा समितीला अर्ज करायचा आणि तिला अंतिम सामन्यातून बाहेर काढायचं. आणि आयत कोण, तर फक्रुद्दीनभाईंची सख्खी भाची. "खेळात भाची-बिची नाही," ते म्हणाले आणि पहिली सही त्यांनीच केली. त्या दिवसापासून बहीण त्यांचा फोन उचलेना. ते माझ्या ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि कपाकडेच बघत राहायचे.

अर्ज लिहायचा कुणी? तर मी. मॅट्रिक, शिवाय महिला मंडळाचं इतिवृत्त मीच लिहिते, अक्षर चांगलं. भागवतने पेन आणून हातात दिला. "काकू, जरा कडक लिवा."

मी देवघरापाशी बसून लिहिला. सह्यांच्या कागदाला टाचला आणि काल संध्याकाळी फक्रुद्दीनभाईंच्या हातात दिला. माझ्या तोंडून ते निघालं नसतं. कागदावर मला लिहिता येतं. ओटा भरलेला होता. त्यांनी चष्मा लावला आणि गाडी सुटताना पुकारतात तशा आवाजात सुरू केलं:

"विषय, घोट्याबाबत. महोदय, वरील विषयी कळवण्यात येते की दिनांक बारा रोजी सायंकाळी पाच वाजता सदर घोट्यावर जो पाय पडला तो अर्जदाराचा स्वतःचा आहे. राहात्याच्या खेळाडूचा त्याच्याशी काही संबंध..."

थांबले. चष्मा काढून पुसला.

"अर्जदार म्हंजी कोन?" छबूबाईंनी विचारलं.

"खाली सही असते तो."

"सही कुनाची हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर नीट केला. मला वाटलं, आता हसतील. नाहीतर उठून जातील, आणि उद्यापासून पिठाच्या गिरणीवर माझंच दळण.

भागवत एकदम ताडकन उठला. "म्हंजे सोमवारी लागलं? काकू, आपला सगळा हिशोब चुकला की! चौदा दिवस रविवारपासनं धरलेत. सोमवारपासनं धरले तर सव्वीस तारीख येती!"

"पयला दिवस धरायचा," छबूबाई म्हणाल्या. "बारशाला धरत्यात."

"सुतकाला?"

"सुतक कळल्यापासनं!"

"मग आम्हाला आज कळलं. आजपासनं चौदा धरू का?"

अर्धा तास हे चाललं. मी एवढा मोठा गुन्हा कबूल केला आणि त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटी निकिता भिंतीला धरून लंगडत दारात आली.

"आईंनी चेंडूच काढला होता," ती म्हणाली. "आधी चेंडू, मग पाय. फाऊल नव्हता."

फक्रुद्दीनभाईंनी मला विचारलं, "वहिनी, कोणत्या पायाने?"

"डाव्या."

"डाव्या!" असं ते म्हणाले आणि ओट्यावर जी कुजबूज झाली, ती मी तुम्हाला सांगणार नाही, कारण गर्व बरा नाही. मग ते बाजूला जाऊन फोन लावत बसले. तिसऱ्यांदा पलीकडून उचलला असावा. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बोलत होते, आणि परत आल्यावर स्वतःहून दुसरा कप मागितला.

अर्ज भागवतने फाडून टाकला.

आज सकाळी मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि खरं सांगितलं. ते हसले, हे मला आवडलं नाही. मग म्हणाले, एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. सूज बरीच उतरली आहे. पट्टी घट्ट बांधून शेवटची वीस मिनिटं खेळली तर चालेल. निवड करणाऱ्यांना तेवढंही दिसेल. पण पुन्हा मुरगळला तर तीन महिने घरी, आणि घोटा कायमचा नाजूक होईल. "मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. घरच्यांनी ठरवा."

घरी ठरेना. हर्षल म्हणतो, तिचा पाय, तिनं ठरवावं. त्याचे बाबा म्हणतात, हर्षल म्हणतो तसं. ओटा दोन भागांत बसतो, मधून ट्रे न्यायची वाट ठेवून. आणि निकिता म्हणते, "आई सांगतील तसं."

मी कसं सांगू? तिला पाडली मी. "खेळ" म्हटलं आणि घोटा गेला, तर दोनदा माझ्यामुळे गेला. "नको" म्हटलं तर पुन्हा टॉवेल टाकल्यासारखं होईल. तिनं खेळावं असं मला वाटतं. इतकं वाटतं, की त्यावर विश्वास ठेवायची मला भीती वाटते. तिला पळताना तुम्ही माझ्या आधी चोवीस वर्षं बघितलं आहे. कधी थांबते, कधी थांबत नाही, ते तुम्हाला ठाऊक. तेव्हा ठरवायचं तुम्ही.

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा" एवढं मात्र लिहू नका. हो लिहा, नाहीतर नाही लिहा.

हो लिहिलंत तर आईने सांगितलं म्हणून तिला सांगेन आणि मैदानाच्या कडेला बर्फ घेऊन बसेन. नाही लिहिलंत तर तुमचं नाव घेणार नाही. मीच नको म्हटलं असं सांगेन. राग माझ्यावर निघू दे, तुम्ही तिचं माहेर आहात, ते तिला मोकळं राहायला हवं. ती माझ्यासाठी एकदा खोटं बोलली, मी तिच्यासाठी एकदा बोलेन. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघून घेईन.

हे पत्र उद्या सकाळच्या पाथर्डीच्या गाडीने पाठवते आहे. कंडक्टर गहिनीनाथ म्हणून आहेत, फक्रुद्दीनभाईंच्या ओळखीचे. ते पत्र वस्तीवर पोचतं करतील; उत्तर घेऊन स्टँडवर कुणाला तरी पाठवा. उलट टपाली, म्हणजे त्याच गाडीने, त्यांच्याच हाती एका शब्दाचं उत्तर द्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी रोज स्टँडवर येऊन उभी राहीन.

तुमच्या मुलीची दुसरी आई,
झुंबर